सगळ्या आल्या होत्या

मुक्ताच्या ब्लॉगला सव्वा वर्ष झालं तेव्हा त्याचे नियमित वाचक दोन होते, आणि त्यातली एक मुक्ता स्वतः होती.

तशी 'वाचलं हं' म्हणणाऱ्यांची वानवा नव्हती. पुण्यातला भाऊ सुमित दर लेखाला अंगठा पाठवायचा. लिंक गेल्यापासून अंगठा येईपर्यंत चार सेकंद लागायचे. चौदाशे शब्द चार सेकंदांत वाचणारा माणूस आपल्याच घरात जन्मला आहे, हे मुक्ताला आधी माहीत नव्हतं. सासूबाई फक्त फोटो बघायच्या आणि 'बारीक दिसतेस, खात जा' असं कळवायच्या. नवरा श्रीरंग गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता आणि त्याचा मुद्दा बिनतोड होता. तो म्हणायचा, "अगं, तू लिहितेस त्या प्रत्येक ठिकाणी मी तुझ्याबरोबरच होतो की. मी काय वाचू?"

राहिल्या गावातल्या बायका. जर्मनीत, रेगेन्सबर्गातल्या मराठी बायकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यात मुक्ता धरून बावीस जणी. मुक्ता दर सोमवारी सकाळी तिथे लिंक टाकायची. दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. मग कोणीतरी विचारायचं, 'ताजा कढीपत्ता कुठे मिळेल गं?' आणि त्यावर चाळीस निरोप यायचे. मुक्ताची लिंक कढीपत्त्याखाली गाडली जायची ती गाडलीच जायची.

याचं कोणाला हसू येईल. मुक्ताला यायचं नाही. पुण्यात ती शाळेत मराठी शिकवायची. चाळीस पोरं तिचं बोलणं ऐकून घ्यायची, निदान ऐकल्यासारखं करायची. इथे बी-वन पातळीपर्यंतचं जर्मन शिकून झालं, सर्टिफिकेट फायलीत गेलं आणि नोकरी काही मिळाली नाही. घरात बोलायला सहा वर्षांची स्पृहा, जिला मराठी सगळं कळायचं आणि जी उत्तर मात्र जर्मनमध्ये द्यायची. दिवसभर तोंडात मराठी घोळत राहायचं आणि संध्याकाळपर्यंत आंबून जायचं. म्हणून ब्लॉग. त्याचं नाव 'डोनाऊकाठी'. डोनाऊ नदीच्या काठचं हे जुनं गाव, इथली दुकानं, इथल्या तक्रारीच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या शेजारणी, इथला हिवाळा. आपण या गावात आहोत याची या गावातल्या चार माणसांना दखल असावी, एवढंच तिला हवं होतं. हे 'एवढंच' माणसाकडून काय काय करून घेतं, हे पुढे कळेल.

श्रीरंगने एक फुकटचा काउंटर बसवून दिला होता. कोणत्या गावातून लेख किती वेळा उघडला गेला, ते त्यात दिसायचं; मुक्ताने स्वतः उघडलेलं धरलं जायचं नाही. स्टुटगार्ट शून्य, कोलोन शून्य, पुणे कधी दोन कधी तीन. रेगेन्सबर्गच्या पुढे मात्र पहिल्या लेखापासून एकचा आकडा होता. तो एक म्हणजे वसुधा.

वसुधा मुक्ताहून चार वर्षांनी मोठी. ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि मुक्ताच्या घरापासून सहा नंबरच्या बसने तीन थांब्यांवर राहायची. मुक्ता नवीन आली तेव्हा घराची नोंदणी, डॉक्टर, स्पृहाची शाळा, सगळीकडे वसुधाच तिच्याबरोबर गेली होती. दर सोमवारी लेख आला की संध्याकाळपर्यंत खाली वसुधाची प्रतिक्रिया हजर. 'आम्हाला फार आवडलं. पण तू म्हणतेस तो पूल दगडी पूल नव्हे, त्याच्या पुढचा.' किंवा, 'शेवट घाईत केलास, असं आमचं मत.' स्तुतीला हात आखडता नाही आणि चूक दाखवायलाही नाही. असा वाचक नशिबाने मिळतो. पण फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत मुक्ताला तरी कुठून कळणार? तिचा डोळा होता त्या वीस जणींवर.

मधल्या काळात वसुधाच्या घरी फार वाईट झालं होतं. तिचा नवरा नागेश आजारी पडला. ब्लॉग सुरू झाला त्याच हिवाळ्यात आजाराचं नाव कळलं, आणि मे महिन्यात, झाडं फुलांनी भरलेली असताना, तो गेला. बेचाळीस वर्षांचा होता. आजारपणात मुक्ता डबे घेऊन जायची. गेल्यानंतर पहिला महिना रोज गेली. मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. काय बोलावं ते सुचायचं नाही. स्वतःच्या नवऱ्याचं नाव तोंडातून निघालं तरी गुन्हा केल्यासारखं वाटायचं. हळूहळू जाणं फोनवर आलं आणि फोन निरोपांवर. ग्रुपमधल्या बाकीच्यांचं विचारू नका. त्यांनी हात जोडलेली चिन्हं पाठवली होती. वीस जणींची मिळून साठेक असतील.

वसुधाच्या प्रतिक्रिया मात्र दर सोमवारी येत राहिल्या.

जानेवारीत मुक्ताने इंटरनेटवर एक लेख वाचला. ब्लॉगला गावातले वाचक कसे मिळवावेत, असा काहीतरी. लिहिणारा मोठा अनुभवी होता. म्हणे, दूरच्या वाचकांमागे धावू नका, घरापासून आणि गल्लीपासून सुरुवात करा. आसपासच्या लोकांना एकत्र बोलवा, त्यांच्या हातात तुमचा पत्ता द्या, त्यांचे फोटो काढा, त्यांची नावं घाला. माणूस स्वतःबद्दल वाचायला हमखास येतो.

मुक्ताने तो लेख तीनदा वाचला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमीला अवकाश होता. हळदीकुंकू करायचं. आणि वाण म्हणून फ्रिजवर लावायचं चुंबक लुटायचं, त्यावर तिळगुळाची वाटी, दगडी पूल आणि ब्लॉगचा पत्ता. घरोघरी फ्रिजवर 'डोनाऊकाठी'! दुधाची पिशवी काढताना दिसणार, भाजी ठेवताना दिसणार. कोणती बाई किती दिवस डोळेझाक करेल?

श्रीरंग म्हणाला, "आयडिया भारी आहे. गेनाऊ, अगदी बरोबर! मार्केटिंगवाले याचेच पैसे घेतात." एरवी लेख न वाचणाऱ्या नवऱ्याने चुंबकाचं डिझाइन मात्र हौसेने करून दिलं.

यादी करायला मुक्ता बसली तेव्हा एकवीस नावं भराभर लिहून झाली. वसुधाचं नाव सातवं होतं. ते लिहिताना काही वाटलं नाही, ते वाचताना वाटलं. हळदीकुंकू सवाष्णींचं. मुक्ता हे मानत नव्हती. शाळेत असताना तिने या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घेतले होते, आणि 'या प्रथा बंद झाल्या पाहिजेत' हे वाक्य ज्याच्या निबंधात नसेल त्याचा गुण कापला होता. तरीही तिने पेन खाली ठेवलं आणि विभावरीताईंना फोन लावला. विभावरीताई वीस वर्षं जर्मनीत होत्या, ग्रुप त्यांनीच काढलेला, त्यांचा शब्द कोणी मोडत नसे.

"अगं, मला काही नाही," विभावरीताई म्हणाल्या. "मी असलं काही मानत नाही, तुला माहितीये. पण आल्झो, म्हणजे, सुरेखाच्या सासूबाई आल्यात सध्या साताऱ्याहून. त्यांना काय वाटेल? आणि तुझ्या घरी कुरबुर झाली तर बिचाऱ्या वसुधालाच ऑकवर्ड होणार. आठ महिने झालेत फक्त. तिची तरी मनःस्थिती असेल का? तू बघ बाई. तुझ्या घरचं कार्य."

मग मुक्ताने सुरेखाला फोन केला. सुरेखा म्हणाली, "आमच्या सासूबाई काही म्हणणार नाहीत गं, त्या फार मॉडर्न आहेत. पण विभावरीताईंना चालेल का?"

म्हणजे मानत कोणीच नव्हतं. ज्याला त्याला दुसऱ्याची काळजी होती. असं सगळ्यांनी एकमेकींवर ढकलल्यावर जे उरतं ते यजमानिणीच्या अंगावर येतं. मुक्ताच्या मनात आलं, बोलावलं आणि निम्म्या जणी आल्याच नाहीत तर? चुंबकं पडून राहतील. तिने सातव्या नावावर रेघ मारली आणि स्वतःला समजावलं, की हे वसुधाच्याच भल्यासाठी आहे. नंतर सवडीने तिला एकटीला जेवायला बोलावू.

ग्रुपवर आमंत्रण टाकता येणार नव्हतं, कारण ग्रुपमध्ये वसुधा होती. म्हणून मुक्ताने वीस जणींना वेगवेगळे निरोप पाठवले. त्यात अर्धा दिवस गेला. चुकून एकविसावीला जाऊ नये म्हणून प्रत्येक नाव दोनदा तपासलं. पोस्टमनलासुद्धा इतकी दक्षता नसते.

जानेवारीचा शेवटचा शनिवार. बाहेर उणे सहा. जाड जॅकेटांच्या आत काळ्या साड्या नेसून वीसच्या वीस बायका आल्या. जिन्यात बुटांची रांग खालच्या मजल्यापर्यंत गेली. हलव्याचे दागिने घातलेलं एक तान्हं बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं, अत्तर होतं, गुलाबपाणी होतं, मटारच्या करंज्या होत्या. सुरेखाच्या सासूबाईंनी तर म्हटलं, "साताऱ्यात आता असं साग्रसंगीत कोणी करत नाही." चुंबकं हातोहात गेली. प्रत्येकीने म्हटलं, "अय्या, तुझा ब्लॉग आहे? सांगायचं नाही का!" सव्वा वर्ष दर सोमवारी सांगणाऱ्या मुक्ताने नुसतं हसून पुढचीच्या कपाळाला कुंकू लावलं.

एकदा करंज्या गरम करताना विभावरीताई स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "नाही ना बोलावलंस? बरं केलंस. बिचारी." मुक्ता 'हो' म्हणाली आणि मायक्रोवेव्ह चालू केला.

सोमवारी लेख गेला. एकोणीस फोटो, वीस नावं, प्रत्येकीच्या साडीचा उल्लेख. पहिलं वाक्य मुक्ताला फार आवडलं होतं: 'रेगेन्सबर्गातल्या झाडून सगळ्या मराठी बायका परवा माझ्या घरी आल्या होत्या.' लिहिताना तिला ते खरंच वाटलं. आनंदात असलेला माणूस मोजदाद करत नाही.

दुपारपर्यंत काउंटरवर रेगेन्सबर्गच्या पुढे चौसष्ट आकडा दिसला. ग्रुपवर कढीपत्त्याचं नाव नव्हतं. 'माझा फोटो छान आलाय गं', 'मी डोळे का मिटलेत!', 'माझी पैठणी नाही, नारायणपेठ आहे, दुरुस्त कर ना.' मुक्ता दिवसभर लॅपटॉप उघडत होती आणि मिटत होती. संध्याकाळी श्रीरंगला तिने तो आकडा तीनदा दाखवला. स्पृहासुद्धा म्हणाली, "टोल, मामा!" म्हणजे 'भारी, आई!'

रात्री झोपताना तिला जाणवलं, की लेखाखाली वसुधाची प्रतिक्रिया नाही.

पुढच्या सोमवारी तिने बाजारातल्या हिवाळी भाज्यांवर लिहिलं. चौसष्टाचा आकडा तीनवर आला. त्याच्या पुढच्या सोमवारी विद्यापीठाजवळच्या टेकडीवर लिहिलं. त्या दिवशी एकही नाही. फोटोंत स्वतःला पाहून झालं, आता टेकडी कोणाला बघायची होती? चुंबकं फ्रिजवर होती, त्यांच्याखाली शाळेची वेळापत्रकं लावलेली होती. सव्वा वर्षात पहिल्यांदाच रेगेन्सबर्गच्या पुढे शून्य दिसलं. मुक्ता त्या शून्याकडे बघत बसली. आता तिला कळलं, की तो जुना एक किती मोलाचा होता आणि तो तिने कसा घालवला. वीस जणी येऊन गेल्या आणि घर रिकामंच होतं.

शनिवारी सकाळी ती सहा नंबरच्या बसने वसुधाकडे गेली. न कळवता, हातात करंज्यांचा डबा. वसुधाने दार उघडलं, डबा घेतला, चहा ठेवला. नागेश बसायचा ती खिडकीजवळची खुर्ची तिने हलवली नव्हती. ती स्वतः तिथेच बसली.

"वसुधा, मी तुला बोलावलं नाही," मुक्ता म्हणाली. तिने बसमध्ये बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एकही आठवेना.

"कळलं मला."

"मला वाटलं तुलाच त्रास होईल. म्हणजे, सगळ्या..."

"मुक्ता, बोलावलं असतंस तर मी आले नसते," वसुधा शांतपणे म्हणाली. "मला कसलं हळदीकुंकू. मी तुला फोन करून सांगितलं असतं, की बाई, मला जमणार नाही, तुझं छान होऊ दे. तेवढं तरी मला म्हणता आलं असतं. पण ते जाऊ दे. तू लिहिलंस, झाडून सगळ्या आल्या होत्या. मी इथे या खुर्चीत बसून वाचलं. एकेकीचा फोटो बघितला. म्हटलं, सगळ्या आल्या, म्हणजे मी आता कशातच नाही."

मुक्ताला रडू फुटलं. वसुधा उठली नाही, पण तिने मुक्ताला रडू दिलं. चहा उतू गेला तेव्हा उठून गॅस बंद केला आणि कप पुढ्यात ठेवले. मग कपाकडे बघत ती बोलायला लागली.

"तुला एक सांगू? कोणाला सांगितलेलं नाही. तुझे लेख मी नागेशला वाचून दाखवायचे. शेवटी शेवटी त्याला डोळे उघडे ठेवायला त्रास व्हायचा. क्लिनिकमध्ये सोमवारी दुपारी मी फोनवर लेख काढायचे आणि त्याच्या कानाशी वाचायचे. तो तुझा रविवारी कपडे वाळत घातल्याचा लेख आहे ना, खालच्या आजींच्या चिठ्ठीचा, तो त्याने तीनदा वाचायला लावला. हसला की त्याला खोकला यायचा, तरी हसायचा. चुका तोच काढायचा. पुलाची चूक त्यानेच काढली होती. 'आम्हाला आवडलं' असं मी लिहायचे ना, ते म्हणूनच. मे महिन्यानंतर मी 'आवडलं' एवढंच लिहायला लागले. तुझ्या लक्षात नसेल आलं."

मुक्ताच्या लक्षात आलं नव्हतं. ती खाली मान घालून बसली होती आणि तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

निघताना दारात वसुधाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे आता. पुढच्या शनिवारी मोकळी आहेस का? नदीवर चालायला जाऊ. मला घराबाहेर पडायला पाहिजे, आणि एकटीने होत नाही."

"येते," मुक्ता म्हणाली. "नक्की येते."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. चूक झाली होती, ती कबूल केली होती, जिचा अपराध केला तिने तो पोटात घातला होता. माणसाला याहून जास्त काही मिळत नाही. पण मुक्ता बसमध्ये बसली आणि पहिल्या थांब्याच्या आतच तिच्या मनात वाक्यं जुळू लागली. लिहिणाऱ्यांची ही खोड मोठी वाईट असते. दुःख खरं होतं, पश्चात्ताप खरा होता, आणि त्या दोघांच्या मागोमाग शीर्षकही आलं होतं.

सोमवारी स्पृहाला शाळेत सोडून आल्यावर तिने एका बैठकीत लेख लिहून काढला. 'वीस जणी आल्या होत्या. एकविसावीला मी बोलावलं नव्हतं.' काही लपवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. यादीवरची रेघ लिहिली, वेगवेगळे पाठवलेले निरोप लिहिले, 'मानत कोणीच नव्हतं' हेही लिहिलं. स्वतःला तिने जराही सोडलं नाही. आणि माफी मागायची तर नाव घेऊन मागायची, म्हणून वसुधाचं नाव लिहिलं. मग क्लिनिक आलं, सोमवारची दुपार आली, कानाशी वाचलेले लेख आले, नागेशचं हसणं आणि खोकला आला. ते लिहिताना ती रडत होती. आपण हे वसुधासाठी लिहितो आहोत याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. तिला विचारावं, असं एकदा मनात आलं. पण मग तिला वाटलं, ती नको म्हणेल, ती स्वभावानेच भिडस्त आहे. तिने लेख प्रसिद्ध केला आणि ग्रुपवर लिंक टाकली.

दहा मिनिटांनी विभावरीताईंनी लिहिलं, 'मुक्ता, डोळ्यांत पाणी आणलंस. मी तुला तेव्हाच म्हणाले होते, बोलाव म्हणून.' सुरेखाने लिहिलं, 'आमच्या सासूबाईसुद्धा वाचून रडल्या.' मग धरणाचं दार उघडावं तसे निरोप आले. कोणी तो लेख स्टुटगार्टच्या मंडळात पाठवला, कोणी कोलोनच्या. कोणी पुण्याला, कोणी साताऱ्याला. ज्या स्टुटगार्टच्या पुढे सव्वा वर्ष शून्य होतं तिथे मंगळवारी तीनशे दहा झाले. सुमितचा चक्क फोन आला. "ताई, काय लिहिलंयस! ऑफिसमध्ये सगळ्यांना पाठवलं." सासूबाई फोनवर म्हणाल्या, "वाचलं हो मी. चष्मा लावून पूर्ण वाचलं." श्रीरंगने जेवताना मोबाइलवर लेख वाचला, सगळा वाचला, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

मुक्ताला हवं होतं ते सगळं चार दिवसांत घरी चालत आलं. अनोळखी बायका लिहीत होत्या, 'तुम्ही किती धाडसी आहात.' ती प्रत्येकीला उत्तर देत होती. गुरुवारी, शुक्रवारी ती वसुधाच्या प्रतिक्रियेची वाट बघत होती, आणि मनाला सांगत होती, की प्रयोगशाळेत काम जास्त असेल.

शनिवारी सकाळी दहाला निघायचं ठरलं होतं. साडेनऊला मुक्ता बूट घालत असताना फोन वाजला.

"मी येत नाही आज," वसुधा म्हणाली.

"का गं? बरं नाही का?"

"मुक्ता, मला चार दिवस फोन येतायत. स्टुटगार्टहून एका बाईचा आला. कोण ती मला माहीत नाही. म्हणाली, ज्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं त्या तुम्हीच ना? नंबर तिला कुठून मिळाला देव जाणे. प्रयोगशाळेत एक बंगलोरची मुलगी आहे, तिला तिच्या मराठी मैत्रिणीने सांगितलं. ती माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलीये. विभावरीताई घरी येऊन गेल्या. साडी घेऊन. ओटी भरायची म्हणत होत्या, आणि फोटो काढू या का म्हणाल्या." तिचा आवाज चढला नव्हता. "नागेश गेला तेव्हा यांच्यातलं कोणी आलं नव्हतं."

"वसुधा, मी तुझी माफी मागायला..."

"माफी तू माझ्या घरी मागितली होतीस. मी दिली होती. तिथे आपण दोघीच होतो." पुढचं बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "त्याला मी वाचून दाखवायचे, ते माझं होतं गं. त्याचं माझ्याकडे तेवढंच राहिलंय, जे दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. आता साताऱ्याला सुरेखाच्या सासूबाईंना माहितीये, तो कसा खोकायचा."

एका पायात बूट, एक पाय मोकळा, अशी मुक्ता जिन्याच्या दारात उभी होती.

"मी लेखच काढून टाकते," ती कशीबशी म्हणाली. "आत्ता काढते."

"काढ किंवा ठेव. तो सगळ्यांच्या फोनवर गेलाय, तू काढून काय होणार? माझं नाव तेवढं काढ. त्याचंही काढ." आणि फोन ठेवताना, सवयीने असेल, ती म्हणाली, "स्पृहाला सांभाळ."

मुक्ताने बूट काढला आणि टेबलाशी येऊन लॅपटॉप उघडला. लेख काढून टाकायचा, असंच तिच्या मनात होतं. पण पान उघडलं आणि वर काउंटर दिसला. दोन हजार एकशे चाळीस. खाली रात्रीतून आलेल्या एकोणतीस नव्या प्रतिक्रिया होत्या. ती त्या वाचत गेली. शेवटची वाचून झाली तेव्हा तिला कळलं होतं, की आपण हा लेख काढणार नाही. हे तिला स्वतःबद्दल कळलं आणि ते कळूनही तिने तो काढला नाही.

तिने नावं शोधायला घेतली. नागेशचं नाव चार ठिकाणी होतं, तिथे 'त्यांचे पती' केलं. वसुधाचं नाव अकरा ठिकाणी होतं. पहिल्या ठिकाणी ते खोडून तिने 'माझी मैत्रीण' असं लिहिलं. पुढे सरकली, परत मागे आली, त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. मग तेही खोडलं आणि अकराही ठिकाणी 'एक बाई' असं लिहिलं.